एक सत्र परदेशात : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पदवी चालू असताना मधलं एखादं सत्र परदेशातल्या विद्यापीठात करावं का, या विषयावर या वेळी बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विद्यापीठाचे चार-पाच परदेशी विद्यापीठांशी करार आहेत आणि पुढच्या वर्षी एका सत्रासाठी जाता येईल. माहितीपत्रकात ‘क्षितिजं रुंदावतात’, ‘व्यक्तिमत्त्व घडतं’ असलं काहीबाही लिहिलंय. वडील म्हणतात, ही अभ्यासाच्या नावाखाली सहल आहे, नोकरी देताना कोणी विचारत नाही. नेमका फायदा काय?

उत्तर : वडिलांची शंका रास्त आहे, आणि माहितीपत्रकातली वाक्यं ती दूर करायला अपुरी आहेत. फायदा होतो, पण तो आपोआप पदरात पडत नाही. तिथे कोणते विषय घेतलेत, परीक्षा कशा दिल्यात आणि कोणाबरोबर राहिलात यावर तो ठरतो.

पहिला फायदा विषयांचा. एका सत्रात पाच-सहा विषय होतात. त्यातले दोन तरी असे हवेत, जे तुमच्या विभागात शिकवलेच जात नाहीत किंवा त्या जागी गेल्याशिवाय नीट कळत नाहीत. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला मध्य अटलांटिक पर्वतरांग जमिनीवर बघायची असेल तर आइसलँड गाठावं लागतं, कारण एरवी ती जवळजवळ सगळी समुद्राच्या तळाशी आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने युरोपीय संघाचा कायदा तिथल्याच विद्यापीठात शिकणं वेगळं. याउलट, घरी शिकवले जाणारेच पाच विषय तिथे जाऊन घेतले, तर वडिलांचं म्हणणं खरं ठरेल.

दुसरा फायदा अभ्यासाच्या पद्धतीचा. याची चर्चा कमी होते, पण आमच्या मते हाच सर्वांत टिकाऊ फायदा आहे. इटलीचं उदाहरण घ्या. तिथे पुष्कळ विषयांची परीक्षा तोंडी असते. टेबलापलीकडे प्राध्यापक, कधी सोबत एक सहायक, आणि मागच्या बाकांवर आपली पाळी येईपर्यंत ऐकत बसलेले बाकीचे विद्यार्थी. पहिला प्रश्न अनेकदा असा येतो : ‘तुम्हाला हव्या त्या मुद्द्यापासून सुरू करा.’ ऐकायला सोपं वाटतं, पण पाठांतरावर वर्षं काढलेला विद्यार्थी इथेच गडबडतो. आवडीचा मुद्दा निवडायचा म्हणजे बाकीचे मुद्दे त्याला कसे जोडलेले आहेत हे माहीत हवं, आणि दुसरा प्रश्न नेमका त्या जोडावरच येतो. गुण तिथल्या तिथे सांगतात, ३० पैकी. १८ ला उत्तीर्ण. गुण पटले नाहीत तर बहुधा ते नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसता येतं. जर्मनीत चर्चासत्राच्या विषयाला वर्गात एक सादरीकरण असतं आणि सत्र संपल्यावर घरी बसून लिहायचा पंधरा-वीस पानांचा निबंध. एकाच विषयाची अशी दुसऱ्या पद्धतीने परीक्षा दिली की आपल्याला काय खरंच कळलंय आणि काय नुसतं पाठ आहे, ते लख्ख दिसतं.

तिसरा फायदा भाषेचा. त्यावर पुढे स्वतंत्र उत्तर आहे.

आता नोकरी. इरॅस्मस ही विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात काही काळ शिकायला पाठवणारी युरोपीय संघाची योजना. तिचा परिणाम तपासणारा अभ्यास युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. पदवीनंतर पाच वर्षांनी, परदेशी जाऊन आलेल्यांमधला बेरोजगारीचा दर इतरांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी होता, असं त्यात म्हटलं आहे. हा आकडा वडिलांसमोर ठेवायला हरकत नाही, पण एक खोच सांगून ठेवा. जाणारे विद्यार्थी मुळातच थोडे जास्त धडपडे, बरे गुण असलेले आणि घरून पाठबळ असलेले असतात. त्यामुळे त्यातलं किती श्रेय त्या एका सत्राचं, हे वेगळं काढणं अवघड आहे. मुलाखतीत ‘मी परदेशात एक सत्र केलं’ एवढ्यावर कोणी भुलत नाही. ‘तीन देशांच्या चौघांबरोबर अमुक प्रकल्प केला, माझ्याकडे मोजमापाचं काम होतं, एकक पद्धतीवरून घोळ झाला तो असा सोडवला’ असं सांगता आलं, तर पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

ही कल्पना नवी नाही, हेही वडिलांना सांगा. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने १९२३ मध्ये आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवले, तेही बोटीने. इरॅस्मस योजना १९८७ मध्ये ११ देशांत सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले.

प्रश्न : मागच्या वर्षी एक सत्र युरोपात केलं. तिथले ३० क्रेडिट मिळवून, सगळे विषय उत्तीर्ण होऊन आले. इथे मात्र विभागाने फक्त १२ धरले. उरलेले विषय आता पुढच्या वर्गाबरोबर करावे लागणार. चूक कोणाची?

उत्तर : तुमच्या पत्रावरून दिसतं ते असं : तिकडे पोचल्यावर तुम्ही दोन विषय बदललेत, इथल्या प्राध्यापकांना ते तोंडी सांगितलंत, आणि त्यांनी ‘चालेल’ म्हटलं. गाडी तिथेच रुळावरून घसरली. परदेशी सत्र वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण अभ्यास नव्हे, कागद असतो.

पुढच्यांसाठी क्रम सांगतो.

आधी क्रेडिटचा हिशेब समजून घ्या. युरोपीय पद्धतीत, म्हणजे ईसीटीएसमध्ये, वर्षाला ६० आणि सत्राला ३० क्रेडिट धरतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम, त्यात वर्ग, वाचन, लेखन, परीक्षा सगळं आलं. म्हणजे ५ क्रेडिटचा विषय १२५ ते १५० तासांचा, मग वर्ग त्यातले ४०-४५ तासच असतील. ज्या विद्यापीठात क्रेडिट वर्गातल्या तासांवर मोजतात, तिथला अधिकारी हे वेळापत्रक बघून म्हणतो, ‘आठवड्याला तीनच तास? मग तीनच क्रेडिट देतो.’ अर्ध्याहून जास्त भांडणं इथे सुरू होतात. त्यामुळे विषयाच्या माहितीपत्रकातला एकूण कामाच्या तासांचा रकाना सोबत जोडायचाच. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट असतात, म्हणजे तिथले दोन बरोबर युरोपीय एक. अमेरिकेत वर्षाला साधारण ३०, म्हणजे तिथला एक बरोबर युरोपीय दोन. आकडा नुसता उतरवून घेतला तर एकतर फसाल किंवा फसवल्यासारखं दिसेल.

मग विषयांची जोडी लावा. डाव्या रकान्यात घरचा विषय, उजव्या रकान्यात तिकडचा. नावावर जाऊ नका. ‘सांख्यिकी २’ नावाचा विषय एका ठिकाणी संभाव्यतेवर संपतो, दुसरीकडे तिथूनच सुरू होतो. घटकवार अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून बघा. बहुतेक विभाग सत्तर-ऐंशी टक्के घटक जुळले तर हरकत घेत नाहीत, पण तुमच्या विभागाचा नियम काय ते लेखी विचारा. जे विषय जुळणारच नाहीत ते ‘ऐच्छिक’ म्हणून धरता येतात का, हेही तेव्हाच विचारून ठेवा. नवे, वेगळे विषय शिकायची जागा नेमकी हीच असते. म्हणून ऐच्छिक विषयांचा कोटा पहिल्या दोन वर्षांत संपवून टाकू नका.

तिसरी पायरी शिक्षण कराराची. इरॅस्मसमध्ये त्याला ‘लर्निंग अॅग्रीमेंट’ म्हणतात. त्यावर तिघांच्या सह्या लागतात : तुमची, घरच्या विद्यापीठाची आणि तिकडच्या विद्यापीठाची. जाण्यापूर्वीचा, तिथे असतानाचा आणि परतल्यावरचा असे त्याचे तीन भाग असतात. दुसरा भाग बदलांसाठीच असतो, कारण बदल होतातच. एखादा विषय त्या सत्रात शिकवला जात नाही, एखादा भरून जातो, दोन तासिका एकाच वेळी येतात, नाहीतर ‘इंग्रजीतून’ म्हणून छापलेला विषय पहिल्या तासाला स्थानिक भाषेत सुरू होतो. म्हणून पाच विषय हवे असतील तर आठांना आधीच मंजुरी घ्या. बदल झाला की त्याच आठवड्यात ईमेल करा, नवा अभ्यासक्रम जोडा, आणि ‘मंजूर’ हा शब्द लेखी येईपर्यंत पाठपुरावा करा. फोनवरचं ‘चालेल’ सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही. ते म्हणणाऱ्या प्राध्यापकांची तोवर दुसऱ्या विभागात बदलीही झालेली असू शकते.

तुमच्या बाबतीत आता काय करता येईल? त्या दोन विषयांचे घटकवार अभ्यासक्रम, एकूण तास, तुम्ही लिहिलेले निबंध किंवा प्रकल्प आणि तेव्हाचे जे काही ईमेल असतील ते जोडून विभागाकडे फेरविचाराचा अर्ज करा. पूर्ण विषय धरला नाही तरी ऐच्छिक म्हणून काही क्रेडिट पदरात पडू शकतात.

प्रश्न : फ्रान्समध्ये २० पैकी १४ गुण मिळाले. घरच्या विद्यापीठाने सरळ ७० टक्के लावून टाकले. वर्गात पहिल्या तिघांत असूनही माझी सरासरी घसरली. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. फ्रेंच पद्धतीत १० ला उत्तीर्ण, १४ म्हणजे ‘चांगला’, १६ म्हणजे ‘फार चांगला’, आणि १८ च्या वर क्वचितच कोणी जातं. ब्रिटनमध्ये ७० ला प्रथम श्रेणी सुरू होते. त्यामुळे टक्केवारीचं थेट गणित म्हणजे मीटर आणि फूट एकाच पट्टीने मोजणं.

रूपांतराच्या दोन सभ्य रीती आहेत. एक, गुणांचं वाटप बघणं. ईसीटीएसच्या तक्त्यात आधीच्या किमान दोन वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती टक्क्यांना कोणता गुण मिळाला ते दिलेलं असतं. तुमचा १४ वरच्या दहा टक्क्यांत बसत असेल, तर घरच्या विद्यापीठातल्या वरच्या दहा टक्क्यांचा गुण तुम्हाला मिळायला हवा. तक्ता गुणपत्रकासोबत येतो. आला नसेल तर मागा.

दुसरी, जर्मनीत वापरतात ते सुधारित बव्हेरियन सूत्र. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ ला उत्तीर्ण, म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला. सर्वाधिक गुणातून मिळालेला गुण वजा करा. त्याला, सर्वाधिक गुणातून उत्तीर्णतेचा गुण वजा करून आलेल्या संख्येने भागा. तीनने गुणा आणि एक मिळवा. दहाच्या मापावर ४ ला उत्तीर्ण असेल आणि ७ मिळाले असतील, तर ३ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.५. उलट दिशेने, जर्मनीतून १.७ घेऊन आलात तर त्याच मापावर ८.६ होतात. तुमचं विद्यापीठ कोणती रीत वापरतं, हे जाण्यापूर्वी विचारायचं. काही ठिकाणी परदेशातले विषय नुसते ‘उत्तीर्ण’ म्हणून नोंदतात आणि सरासरीत धरतच नाहीत. अवघड विषय घ्यायची हिंमत करायची असेल, तर अशा विद्यार्थ्याला तो नियम फायद्याचाच.

प्रश्न : कोणत्या सत्रात जावं? वर्गमैत्रीण म्हणते शेवटच्या सत्रात, म्हणजे मागे काही अडकत नाही.

उत्तर : शेवटचं सत्र सर्वांत वाईट. तिकडचं गुणपत्रक यायला उशीर झाला की पदवीच अडकते. एखादा विषय राहिला तर तो भरून काढायला पुढचं सत्र उरत नाही. पहिल्या वर्षी पाया कच्चा असतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात पाचवं किंवा सहावं सत्र बरं, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथं.

मात्र सत्राच्या क्रमांकापेक्षा कॅलेंडर जास्त छळतं. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वर्ग साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतरही. घरचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर थेट टक्कर. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि दुसरं सत्र सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरला. ऑस्ट्रेलियात पहिलं सत्र फेब्रुवारीअखेर ते जून, दुसरं जुलै ते नोव्हेंबर. अमेरिकेचं शरद सत्र ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यात संपतं, त्यामुळे ते पुष्कळांना सोयीचं पडतं. ब्रिटनमध्ये एक मेख आहे : वर्ग डिसेंबरात संपतात, पण बऱ्याच ठिकाणी परीक्षा जानेवारीत. फक्त शरद सत्रासाठी आलेल्यांना अनेक विभाग परीक्षेऐवजी निबंध देतात. सगळे देत नाहीत. विषय निवडतानाच विचारा, डिसेंबरात नको.

प्रश्न : चार महिन्यांत भाषा येते का?

उत्तर : कुठून सुरुवात करता त्यावर आहे. युरोपीय मापात ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. केंब्रिज परीक्षा मंडळाचा इंग्रजीसाठीचा ढोबळ अंदाज असा : ए२ ला १८० ते २०० तासांचं शिक्षण, बी१ ला ३५० ते ४००, बी२ ला ५०० ते ६००. म्हणजे ए२ वरून बी१ ला जायला पावणेदोनशे-दोनशे तास. सोळा आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला अकरा-बारा तास. विद्यापीठाचा भाषावर्ग त्यातले चारच तास देतो. उरलेले सात-आठ तास कुठून आणायचे, हा खरा प्रश्न.

इथेच बहुतेक जण फसतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या वसतिगृहात खोली, वर्गात इतर पाहुणे विद्यार्थी, सुटीला त्यांच्याबरोबरच भटकंती, आणि सगळ्यांची भाषा मोडकं इंग्रजी. सोळा आठवड्यांनी इंग्रजी सुधारतं आणि स्थानिक भाषा दुकानातल्या ‘धन्यवाद’वर थांबलेली असते. नेदरलँड्समध्ये किंवा स्वीडनमध्ये तर तुमचा उच्चार ऐकताच समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो. तेव्हा लाज न बाळगता म्हणायचं, ‘मी शिकतोय, तुमच्याच भाषेत बोला.’ हे वाक्य सगळ्यात आधी पाठ करा.

खोली निवडताना खाजगी न्हाणीघरापेक्षा सामाईक स्वयंपाकघर बघा. भाषा तिथे शिकली जाते. कोणी भांडी तशीच टाकली, फ्रिजमधला कप्पा कोणाचा, कचरा नेण्याची पाळी कोणाची, हे रोज बोलावं लागतं, आणि चिडूनही बोलावं लागतं. चिडून बोललेली भाषा चांगली बसते. दुसरी सोय म्हणजे भाषेची जोडी : तुम्हाला त्याची भाषा हवी, त्याला तुमची. घड्याळ लावून अर्धा तास एक भाषा, अर्धा तास दुसरी. घड्याळ न लावल्यास ज्याची भाषा दोघांना जास्त येते तीच चालू राहते.

शून्यातून गेलात तर ए१ पक्कं आणि ए२ ची चाहूल, यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. जाण्यापूर्वी ए२ पूर्ण करून गेलेल्याला तेच चार महिने दुप्पट देऊन जातात. वाक्य तुटत का होईना पूर्ण होतं आणि समोरचा थांबून ऐकतो.

प्रश्न : मुलगी अबोल आहे. एकटी चार महिने कशी राहील, ही काळजी वाटते. (एक आई)

उत्तर : काळजी करा, पण पहिल्या आठवड्याची नको. पहिले दोन आठवडे नवलाईत जातात. कठीण काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या आठवड्यात येतो. नवलाई संपलेली, मैत्री अजून वरवरची, पहिली लेखी कामं अंगावर. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी या अवस्थेचे टप्पे १९६० मध्ये मांडले. तेव्हापासून ‘सांस्कृतिक धक्का’ हा शब्द रूढ आहे. प्रत्येकाचा आलेख त्याच वळणाने जातो असं मात्र नाही. त्यात उत्तरेकडचा हिवाळा असेल तर भर पडते : डिसेंबरात हेलसिंकीला दिवसाचा उजेड सहा तासांहूनही कमी असतो. जागा निवडताना हेही बघा.

घरून करायची गोष्ट एकच : फोनची वेळ ठरवा, आठवड्यात दोनदा पुरे. रोज दोन तास व्हिडिओवर बोलणारी मुलगी संध्याकाळी स्वयंपाकघरात उतरत नाही. दोन आठवडे सलग वर्ग चुकले, झोप उलटी झाली, जेवण सुटलं, तर तो स्वभाव नाही. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जायला सांगा. अबोल मुलांना मोठ्या मेजवान्यांपेक्षा ठरलेल्या वेळेचं काम असलेला गट जास्त मानवतो : गायनवृंद, गिर्यारोहण, प्रयोगशाळेतला गट. बोलण्याचं ओझं नसतं, हात कामात असतात.

नियमित औषधं चालू असतील तर डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह चिठ्ठी घ्या, आणि ते औषध त्या देशात चालतं का हे तपासा. लक्ष केंद्रित होण्यासाठी दिली जाणारी अँफेटामाइनयुक्त औषधं जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

प्रश्न : व्हिसाच्या बाबतीत विद्यार्थी कुठे चुकतात?

उत्तर : तीन ठिकाणी.

सत्र चार-पाच महिन्यांचं. शेंगेन देशांचा, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पारपत्र न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा, अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच. म्हणून त्या देशाचा दीर्घमुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. ‘आधी पर्यटक म्हणून जाऊ, तिथे बदलून घेऊ’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

दुसरी चूक सुटीतल्या फिरण्याची. दीर्घमुदतीच्या व्हिसावर किंवा रहिवास परवान्यावर इतर शेंगेन देशांत फिरता येतं, तिथेही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा. पण आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत, आणि ब्रिटन दोन्हींत नाही. स्वस्त विमान बघून विद्यार्थी डब्लिनला निघतात आणि विमानतळावर अडकतात. त्याहून वाईट म्हणजे, आयर्लंडचा व्हिसा आहे पण मूळ व्हिसा एकाच प्रवेशाचा निघाला. मग डब्लिनला गेल्यावर शेंगेनमध्ये परत येता येत नाही. व्हिसावर प्रवेशसंख्येचा रकाना असतो. तिकीट काढण्याआधी तो वाचा.

तिसरी चूक कागदांच्या क्रमाची. विद्यापीठाकडून नामांकन, मग तिकडचा अर्ज, मग प्रवेशपत्र, मग व्हिसा. आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. अमेरिकेसाठी विनिमय विद्यार्थ्याला तिकडचं विद्यापीठ डीएस-२०१९ हा कागद पाठवतं. त्यानंतर सेव्हिसचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेचं शुल्क, मग व्हिसाचा अर्ज, मग मुलाखत. जपानसाठी पात्रता प्रमाणपत्र तिकडचं विद्यापीठ तिथल्या इमिग्रेशनकडून काढून पाठवतं. मधे महिना-दोन महिने जातात, आणि त्या काळात तुमच्या हातात काहीच नसतं. पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असू द्या. नियम कुठे तीन महिन्यांचा आहे, पण सत्र लांबलं तर तीन कमी पडतात.

प्रश्न : खर्च किती येईल?

उत्तर : देशागणिक फरक इतका, की आकडा देण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट सगळीकडे लागू : तुम्ही कोणत्या दाराने जाता. दोन विद्यापीठांत विनिमयाचा करार असेल तर शिकवणी शुल्क घरीच भरायचं, तिकडे नाही. स्वतःहून ‘पाहुणा विद्यार्थी’ म्हणून गेलात तर पुष्कळ ठिकाणी तिकडचं पूर्ण शुल्क लागतं. विषय तेच, वर्ग तोच.

विसरले जाणारे खर्च : खोलीची अनामत (जर्मनीत कायद्याने कमाल तीन महिन्यांचं मूळ भाडं), पहिल्या महिन्यात दोनदा पडणारं भाडं, विमा, रहिवास परवान्याचं शुल्क. जर्मनीसारख्या देशात पैसे गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते महिन्याच्या हप्त्याने सुटतात. पहिला हप्ता मिळण्यासाठी स्थानिक बँकखातं लागतं. खात्यासाठी अनेक बँका पत्त्याची नोंद मागतात, नोंदीसाठी घरमालकाचं पत्र. यात तीन-चार आठवडे सहज जातात. तेवढ्या दिवसांचा खर्च निघेल इतके पैसे कार्डावर वेगळे ठेवा.

प्रश्न : सत्र संपत आलंय, पुढच्या महिन्यात परतायचंय. निघण्यापूर्वी काय उरकावं?

उत्तर : उपस्थितीचं प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यातच सही-शिक्क्यानिशी घ्या. त्यावर आल्याची आणि गेल्याची तारीख हवी. शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता बहुधा याच कागदावर अडतो. गुणपत्रक लगेच मिळत नाही. इरॅस्मसमध्ये निकालानंतर साधारण पाच आठवड्यांच्या आत ते पाठवणं अपेक्षित असतं. कोणत्या ईमेलवर येणार हे विचारा, कारण विद्यापीठाचा ईमेल काही काळाने बंद होतो. म्हणून सगळ्या विषयांचे अभ्यासक्रम, तुमचे निबंध, त्यावरचे शेरे आताच उतरवून ठेवा. शिफारसपत्र हवं असेल तर प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटून विचारा. सहा महिन्यांनी ईमेल केला तर शंभर जणांच्या वर्गातला चेहरा आठवत नाही.

खोली सोडताना घरमालकाबरोबर हातात यादी घेऊन फिरा, फोटो काढा, त्याची सही घ्या. पत्त्याची नोंद रद्द करायला विसरू नका. जर्मनीत ती निघण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येते, आणि न केल्यास तिथली आकाशवाणी-दूरदर्शनची सक्तीची वर्गणी तुमच्या नावावर चढत राहू शकते.

अनामत बहुधा लगेच परत मिळत नाही, वीज-पाण्याचा हिशेब झाल्यावर मिळते. त्यामुळे तिथलं बँकखातं निघायच्या दिवशी बंद करू नका. अनामत जमा झाली की मगच बंद करा. आणि ते इथून ऑनलाइन किंवा पत्राने बंद करता येतं का, हे शाखेत आत्ताच विचारून ठेवा.